आदर्श दप्तरातला गळलेला शेरा

चूक आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहायला हात मोकळा होईल. तलाठी असताना, पानावरची एक ओळ रकान्याबाहेर जाऊ नये म्हणून, मी एका घरातली निम्मी जमीन गायब केली. लाच घेऊन नव्हे, कुणाच्या दडपणाखाली नव्हे. पान सुंदर दिसावं म्हणून. लाच घेऊन केलं असतं, तर निदान लोकांनी मला हुशार तरी म्हटलं असतं.

तेव्हा मी सत्तावीस वर्षांची होते आणि स्वतःवर फार खूश होते. पंचवटीत वाढलेली, शाळेत सुंदर हस्ताक्षराच्या स्पर्धेत दर वर्षी पहिली, आणि नव्वदच्या आसपास तलाठी म्हणून खेड्यात रुजू झालेली. तालुक्याचं आणि गावाचं नाव सांगत नाही. तिथून अजून दिवाळीला माझ्याकडे फराळ येतो, तो बंद व्हायला नको. एवढं सांगते, की मुंबई-आग्रा रस्ता गावाच्या शिवारातून जात होता, कांदा उदंड होता, आणि तलाठी बाई असू शकते ही बातमी गावापर्यंत पोचलेली नव्हती. तलाठ्याला आमच्याकडे भाऊसाहेब म्हणतात. पहिले सहा महिने मीही भाऊसाहेबच होते. "भाऊसाहेब, पदर दारात आडाकला," असं कोतवालानं मला एकदा भरल्या चावडीत सांगितलं. मग हळूहळू मी बाई झाले.

ज्यांचा शेतीशी संबंध नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. सातबारा म्हणजे एकाच कागदावरचे दोन नमुने. सात नंबरच्या भागात जमीन कुणाची, बारा नंबरच्या भागात तिच्यात काय पिकलं. जमीनवाला वारला की त्याचं नाव आम्ही खोडत नाही, कंसात टाकतो. दोन बाजूंना दोन वाकड्या रेघा, की तो माणूस जमिनीपुरता संपला. खाली वारसांची नावं चढतात. काही वर्षांत पानावर कंसच कंस होतात आणि त्यात जिवंत माणूस शोधत बसावं लागतं. म्हणून साधारण दहा वर्षांनी नवी वही घेऊन सगळं पुन्हा लिहून काढायचं. कंसातल्यांना जुन्या वहीत ठेवायचं, बाकीच्यांना नव्या वहीत आणायचं. वाचायला सोपं वाटतं. मलाही करायला सोपं वाटलं होतं.

वारसाचं काम म्हणजे नुसती नावं लिहिणं नव्हे, हेही तेव्हा मला ठाऊक नव्हतं. दोन भाऊ माझ्याकडे एकदा बांधावरच्या आंब्याची तक्रार घेऊन आले. वाटणीत झाड अर्धं अर्धं केलेलं. उगवतीच्या फांद्या थोरल्याच्या, मावळतीच्या धाकट्याच्या. धाकट्याचं म्हणणं, वारा सगळा मावळतीकडून येतो आणि माझे आंबे त्याच्याकडं जाऊन पडतात, तर तुम्ही पंचनामा करा. मी, शहाणी, खरोखर गेले. झाडाखाली वही घेऊन दोन तास उभी राहिले, वारा कुठून येतो ते बघत. शेवटी थोरला म्हणाला, "बाई, घ्या, आंबा खा. तुमी उगा उन्हात. हे आमचं दर सालचंच हाय." दोघांनी मिळून मला पिशवीभर आंबे दिले, आणि घरी येऊन मी त्या पिशवीचा पंचनामा केला.

तर आता मूळ गोष्ट. गावात त्र्यंबकतात्या म्हणून एक वजनदार शेतकरी. वडील गेले तेव्हा तात्या थोरले, म्हणून सगळी दहा एकर त्यांच्या एकट्याच्या नावावर लागली, आणि नावापुढं शेरा पडला: 'एकत्र कुटुंब पुढारी'. हा शेरा फार महत्त्वाचा. त्याचा अर्थ, जमीन सगळ्या घराची आहे, हा फक्त पुढं उभा आहे. एसटीत तिकिटांची पेटी कंडक्टरकडे असते म्हणून एसटी कंडक्टरची होत नाही, तसं. घराघरांत हीच पद्धत होती. सोसायटीत, पाटाच्या पाण्याच्या अर्जावर, एकच नाव पुढं केलेलं बरं पडायचं. तात्यांचा धाकटा भाऊ काशिनाथ. दोघांनी तोंडी वाटणी केलेली होती, मधे एक बांध, पाच एकर इकडं, पाच एकर तिकडं. काशिनाथची रस्त्याकडची. कागदावर मात्र तात्याच.

पुनर्लेखनाच्या वेळी मी नव्या वहीवर पट्टीनं आखणी केली. माझ्या आधीच्या भाऊसाहेबांचं अक्षर म्हणजे कोंबड्यांनी उकिरडा उकरावा तसं होतं, त्यामुळे मला फारच चेव आलेला. 'दगू सखा मोरे, एकत्र कुटुंब पुढारी' एका ओळीत बसायचं. 'पोपट रामा आहेर, एकत्र कुटुंब पुढारी' तेही बसायचं. आणि मग आलं 'त्र्यंबकेश्वर पुंजाराम सूर्यवंशी पाटील'. तिथंच रकाना संपला. शेरा लिहायचा तर खालच्या ओळीत उतरायला हवं, म्हणजे त्याखालची सगळी ओळ मोडणार. मी पेन हातात धरून थोडा वेळ विचार केला. काय विचार केला तेही लिहिते, कारण लपवण्यात अर्थ नाही. मी विचार केला, हे तर अख्ख्या गावाला माहीतच आहे. आणि पान उलटलं.

त्याच वेळी तात्या समोर बसले होते. ओल्या भुईमुगाच्या शेंगा घेऊन आले होते. त्यांना वाचता येत नव्हतं. मी मोठ्या कौतुकानं पान त्यांच्यापुढं धरलं.

"हे तुमचं नाव, तात्या."

"आरं बापरे," तात्या म्हणाले. "माझं नाव इतकं देखणं हाय? काशाला दावतो."

काशिनाथ आला, त्यानंही पाहिलं. त्यालाही वाचता येत नव्हतं. दोघं भाऊ कौतुकानं बघत राहिले, आणि मी लाजून शेंगा सोलत राहिले.

त्या वर्षी तालुक्यात माझ्या दप्तराला पहिला नंबर मिळाला. 'आदर्श दप्तर' असं प्रमाणपत्र, नारळ आणि शाल. तहसीलदार माझी वही उंच धरून बाकीच्या तलाठ्यांना म्हणाले, "दप्तर असं असावं." ते नेमकं कुठलं पान उघडून धरत होते ते मी बघितलं नाही. प्रमाणपत्र फ्रेम करून मी बैठकीत लावलं, लग्नाच्या फोटोच्या वर. आमचे हे नाशिक रोडला नोटांच्या प्रेसमध्ये नोकरीला. ते म्हणाले, "फोटो जरा खाली सरकवलास." मी म्हटलं, "उजेड वर चांगला पडतो."

पुढं काशिनाथ अवेळी गेला. त्याच्या मागं बायको हिराबाई एकटी. मूलबाळ नाही. मला वाटलं होतं आता ही माहेरी जाईल. ती गेली नाही. तिनं बाजरी मोडून डाळिंब लावलं, स्वतः पाठीवर पंप घेऊन औषध मारायला शिकली, आणि तात्यांनी बांधापलीकडून एकदाही तिच्याकडं वाकड्या नजरेनं पाहिलं नाही. तात्या होते तोवर कागदाची कुणाला गरजच पडली नाही. माझी बदली झाली. पुढं सातबारे संगणकावर चढवायची मोहीम निघाली. मुलं वह्या वाचून टाइप करत होती, आणि आमचं गाव सगळ्यात आधी चढलं. का, तर अक्षर स्वच्छ. माझी चूक अशा रीतीनं तालुक्यात सर्वांत आधी संगणकावर गेली.

मग तात्या वारले.

मी तेव्हा नाशिक रोडजवळच्या गावांची तलाठी होते. एका सकाळी ऑफिसात येऊन बघते तर बाकावर हिराबाई. डोक्यावर पदर, मांडीवर पिशवी, पिशवीत माझ्यासाठी डाळिंबं. मी ओळखलं आणि खूश झाले. जुनी माणसं भेटायला येतात म्हणजे आपण किती लोकप्रिय, असं मला वाटायची सवयच होती.

"बसा हिराबाई. चहा सांगू?"

"चहा मागून, बाई. आधी हे बघा." तिनं जुन्या सातबाऱ्याची नक्कल काढली. "हे तुमचंच अक्षर ना?"

"माझंच की!" मी म्हटलं, आणि देवाशपथ सांगते, आवाजात अभिमान होता.

"मंग यात माझा धनी कुठं हाय तेवढं दावा."

मी पाहिलं. तात्यांचं नाव, सुंदर, एका ओळीत. आणि पुढं काहीच नाही. शेरा नाही, म्हणजे कागदानं सांगितलं की दहाच्या दहा एकर तात्यांच्या एकट्याच्या. मग वारस कोण, तर तात्यांचा मुलगा अशोक. एकटा. अशोकनं वारस नोंदीचा अर्ज दिलाही होता, आणि रस्त्याकडची पाच एकर एका हॉटेलवाल्याला द्यायची बोलणी चालू होती. नेमकी डाळिंबाची.

"अशोक काय म्हणतो?" मी विचारलं.

"त्यो म्हनतो, काकू, कागद कागदाच्या जागी. तुला मी सांभाळीनच की." हिराबाईनं पदर खोचला. "म्या म्हनलं, बाबा, मला सांभाळायला मी हाय की. तू माझं डाळिंब सांभाळू नको म्हंजी झालं."

आता खरं तर मी तिथंच हात जोडायला हवे होते. मी काय केलं? घसा खाकरला आणि म्हटलं, "असं करा, चांगला वकील बघा." तिनं पिशवी माझ्या टेबलावर ठेवली. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. ती म्हणाली, "डाळिंबं ठिवा. आरक्ता जात हाय, गोड निघत्यात," आणि उठून गेली. चहा राहिलाच.

संध्याकाळी जेवताना यांना सगळं सांगितलं. ते ताटातलं डाळिंब सोलत होते. म्हणाले, "आमच्याकडे छपाईत एक रेघ हलली तर आख्खा कागद रद्द करतात. तुमच्याकडे आख्खा माणूस गळला तरी कागद चालतो. मोठं खातं आहे बुवा तुमचं." मी दोन दिवस त्यांच्याशी बोलले नाही. मग रजा टाकली आणि तालुक्याला गेले.

जुन्या वह्या तहसीलच्या रेकॉर्ड रूममध्ये लाल कापडात बांधून ठेवतात. तिथला कारकून माझ्या ओळखीचा. मी काय शोधतेय ते कळल्यावर त्यानं मायेनं समजावलं, "बाई, तुम्ही सर्कल ऑफिसरच्या प्रमोशनच्या यादीत आहात. कशाला स्वतः खड्डा खणता? विचारलं तर म्हणा आठवत नाही. दहा वर्षांनी कुणाला काय आठवतं?" सल्ला चांगला होता. मी त्यावर विचारही केला, साधारण तीन गठ्ठे सोडेपर्यंत. चौथ्या गठ्ठ्यात ती उकिरड्याच्या अक्षरातली वही निघाली. मी शिंकत शिंकत पान उघडलं. तात्यांचं नाव दोन ओळींत मोडून, वेडंवाकडं, शाई फुटलेली, आणि शेवटी, अगदी रकान्याच्या भिंतीला घासून: एकत्र कुटुंब पुढारी. ज्या भाऊसाहेबांच्या अक्षराला मी वर्षभर हसले होते, त्यांना मी त्या धुळीत मनोमन नमस्कार केला.

हिराबाईनं नोंदीवर हरकत घेतली. हरकत आली की नोंद थांबते आणि सुनावणी लागते. मी स्वतःहून लेखी दिलं की पुनर्लेखनात शेरा माझ्याकडून गळला. लिहून निघताना मला वाटलं, झालं, संपलं. आपण कबूल केलं की लोक ऐकून घेतात, असा माझा गोड समज होता.

सुनावणीला अशोक भेटला. चाळिशीचा, गोरागोमटा, अगदी तात्यांसारखा हसणारा. माझ्या पायाच पडला. "बाई, तुमी माझ्यामुळं कशाला तरास घेता?" म्हणाला. त्याचा राग धरता येईना, हीच अडचण. त्याचा वकील मात्र जिल्ह्याहून आणलेला, काळा कोट, हातात फाईल. तो उठला आणि माझी स्तुती करायला लागला.

"साहेब, या बाई साध्यासुध्या तलाठी नव्हेत. या आदर्श दप्तराच्या मानकरी आहेत." त्यानं माझ्या प्रमाणपत्राच्या तहसीलातल्या प्रतीची झेरॉक्स पुढं केली. समारंभाला अशोक हजर होता, त्याला आठवलं होतं. "इतकं काटेकोर, इतकं निर्दोष काम तालुक्यानं पाहिलेलं नाही. अशा बाईंच्या हातून चूक होईल? शक्य नाही! त्यांनी शेरा वगळला तो विचारपूर्वक. जमीन तात्यांची एकट्याची आहे हे त्यांना ठाऊक होतं म्हणून."

इतकं कौतुक माझ्या सासूबाईंनीही कधी केलं नव्हतं. आणि नेमकं तेच मला खोडून काढायचं होतं.

"साहेब," मी तहसीलदारांना म्हटलं, "मी चूक करू शकते. रोज करते. आमच्या घरी विचारा."

"बाई विनयशील आहेत," वकील म्हणाला.

"विनयशील नाही हो, मूर्ख होते."

"एवढी विद्वान बाई स्वतःला मूर्ख म्हणते, यातच—"

"मी दहावीला गणितात नापास झालेली आहे," मी म्हटलं. कारकून खोकला. तहसीलदारांनी तोंडावर फाईल धरली.

मग मी पट्टी मागितली. नवी वही मागवलेलीच होती. मी साहेबांच्या टेबलावर पान उघडलं आणि दाखवलं. हे दगू मोरे, शेरा आहे, अर्धा सेंटीमीटर जागा उरली. हे पोपट आहेर, शेरा आहे, थोडीशी उरली. आणि हे तात्या. नाव संपलं, रकाना संपला. संबंध वहीत रकाना पुरला नाही असं हे एकच नाव, आणि जुन्या वहीत शेरा असून नव्या वहीत नाही असंही हे एकच. तहसीलदारांनी स्वतः पट्टी घेऊन मोजलं.

वकील म्हणाला, "मग खालच्या ओळीत का लिहिला नाही?"

"पान बिघडलं असतं."

"पान बिघडू नये म्हणून तुम्ही एका कुटुंबाचा हक्क सोडून दिलात?"

"हो," मी म्हटलं. "हेच मी मघापासून सांगतेय. तुम्हीच ऐकत नव्हता."

अशोकसुद्धा हसला. वकिलानं त्याच्याकडं पाहिलं तसा तो रुमालानं तोंड पुसायला लागला.

पण वकील कसलेला. त्यानं पवित्रा बदलला. म्हणाला, ठीक आहे, शेरा होता असं धरू. पण तो शेराच मुळात चुकीचा होता. जमीन तात्यांनी स्वतः कमावलेली, वडिलांची नव्हेच. काशिनाथला त्यांनी दयाबुद्धीनं कसायला दिली. वडिलांच्या काळचा कागद दाखवा! आणि तो कागद कुणाकडं नव्हता, त्याआधीची वही रेकॉर्ड रूममध्येही सापडली नव्हती. साहेब गंभीर झाले. हिराबाईनं माझ्याकडं पाहिलं. माझी पट्टी आता काही कामाची नव्हती.

तेव्हा मागच्या बाकावरून एक म्हातारी काठी टेकत उठली. तात्यांची आणि काशिनाथची मोठी बहीण, भागीरथीबाई. नामपूरला दिलेली. पन्नास वर्षं तिकडं नांदून माहेरची बोली पार विसरलेली, सगळं बोलणं अहिराणीत. हिराबाईनं तिला सकाळी एसटीनं आणलं होतं. मला वाटलं होतं सोबतीला आणली असेल.

"इचारा माले," ती म्हणाली. "मी सांगस."

साहेबांनी विचारलं, "आजी, जमीन कुणाची होती?"

"मना बापनी."

"कशावरून?"

"माले त्याच वावरमा इच्चू चावना व्हता," म्हातारीनं सांगितलं. "सात वरीसनी व्हतू. बाप माले उखलीसन घर लई गया. त्र्यंबक तव्हय रांगत व्हता. रांगता पोऱ्या वावर कमाडी का, वकीलसाहेब?"

रांगतं पोर शेत कमावतं का, हे ऐकून वकिलानं फाईल मिटली. पुढं तिनं विहीर कुणी खणली, बांधावर कुठली बाभूळ होती, ती कोणत्या साली कुणी तोडली, सगळं सांगितलं. शेवटी अशोककडं काठी रोखून म्हणाली, "काय रे, अशोक? आत्या खोटी बोलस का?"

अशोकनं मान खाली घातली. मग वकिलाकडं न बघता म्हणाला, "नाय, साहेब. आत्या खरं सांगती. तात्या बी हेच सांगायचे. निम्मं काशाचं."

निकाल तिथंच झाला. शेरा परत लागला. जमीन घराची ठरली, आणि आता तोंडी वाटणीप्रमाणं नोंद घ्यायची ठरली. साहेबांनी मला कुटुंबाची वंशावळ काढून द्यायला सांगितलं, कारण घर माझ्या माहितीतलं. मी बाहेर व्हरांड्यात बसून काढली. पट्टीनं. जुनी खोड. वर पुंजाराम पाटील, खाली दोन रेघा, एका रेघेखाली त्र्यंबक आणि त्याखाली अशोक, दुसऱ्या रेघेखाली काशिनाथ आणि त्याखाली हिराबाई. दोन्ही बाजू अगदी सारख्या, तराजूच्या पारड्यांसारख्या. आत नेऊन दिली. साहेबांनी सही केली.

मला पुढं कारणे दाखवा नोटीस आली. ताकीद मिळाली. प्रमोशन दोन वर्षं लांबलं. त्याचं वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू, पण त्या दिवशी पायऱ्यांवर मी हवेत होते. हिराबाईनं समोरच्या हॉटेलातून सगळ्यांना चहा आणला. अशोक तिच्या हातातला ट्रे घ्यायला धावला. "काकू, दे, सांडशील," तो म्हणाला. ती म्हणाली, "सांडला तर माझाच हाय. सरक." दोघं हसले. हॉटेलवाल्याचं बोलणं तिथंच मोडलं. अशोकनं पुढं तिच्याच डाळिंबाच्या काड्या मागून नेल्या आणि स्वतःच्या पाच एकरांत लावल्या. तिनं प्रत्येक ओळ त्याच्याकडून दोनदा उपटून पुन्हा लावून घेतली, असं ऐकलं.

मी भागीरथीबाईच्या शेजारी बसले. म्हटलं, "आजी, तुम्ही नसता तर आज काही खरं नव्हतं. तुमच्या साक्षीनं सगळं झालं." ती बशीतला चहा फुंकत होती. म्हणाली, तू आत काय कागद दिलास तो मला वाचून दाखव, मोठ्यांदा. माझ्याकडं कच्ची प्रत होती. मी फार उत्साहानं वाचली. वरून खाली, रेघेरेघेवर बोट ठेवून. पुंजाराम, त्यांचा एक मुलगा त्र्यंबक, दुसरा मुलगा काशिनाथ, मग खाली अशोक, हिराबाई. वाचून झाल्यावर शाबासकीसाठी तिच्याकडं पाहिलं.

तिनं बशी खाली ठेवली. तोंड पुसलं. जराही रागावलेली नव्हती, डोळ्यांत उलट गंमत होती, अगदी तात्यांच्या डोळ्यांत असायची तशी. त्या दिवशी मी नाशिकच्या गाडीला निघालेली परत तहसीलच्या पायऱ्या चढले आणि दुसरा अर्ज लिहायला बसले, ती तिच्या या एका वाक्यामुळं:

"बाई, मना बापले तीन पोरं व्हतात, दोन नही. साक्षीले मी लागस, मंग नावले काबर लागत नही?"